भातलावणीला खर्चलेले मैल

विमानात बसल्याचे मैल आपल्या नावावर जमा होतात, हे मला पहिली सात वर्षं ठाऊक नव्हतं. कंपनी तिकीट काढायची, आम्ही बसायचो. तेलाचे कारखाने काही दिवस बंद ठेवून दुरुस्त करतात, त्या दुरुस्तीच्या टोळीत मी वेल्डर आहे. महिना-दीड महिना एका देशात, मग दुसऱ्या. आठवीतून शाळा सोडली, वरव्याजवळच्या एका शेडमध्ये गेट आणि ग्रिल जोडत हात बसवला, आणि तिथून आखातात आलो. विमानातून उतरलो की बोर्डिंग पास दिसेल त्या डब्यात टाकायचो. एसटीचं तिकीट उतरल्यावर कोण सांभाळतं?

ते सांभाळायचं असतं, हे मला आमच्या कॅम्पातल्या टाइमकीपरांनी सांगितलं. ते मिरजेकडचे, वयाने मोठे. आम्ही मराठी पोरं त्यांना काका म्हणायचो. एकदा त्यांचं आणि माझं विमान एकच होतं. मी नेहमीसारखा पाच तास आधी पोचलो होतो आणि दर थोड्या वेळाने खिशातला पासपोर्ट चाचपत होतो. काकांनी ते बराच वेळ बघितलं असावं.

"पासपोर्ट कुठं पळून जात नाही," ते म्हणाले. "जातंय ते दुसरंच. तुझा मेंबर नंबर कुठाय?"

"कसला?"

"म्हणजे सात वर्षं फुकटात घालवलीस."

तिथेच बाकावर बसून त्यांनी माझ्या मोबाईलवर माझ्या नावाचं खातं उघडून दिलं. मागच्या काही महिन्यांचे प्रवास अर्ज करून मागून घेता येतात, पण त्याला बोर्डिंग पास लागतो. माझ्याकडे एकच निघाला, जर्किनच्या आतल्या खिशात, चुरगळलेला. काकांनी तो मांडीवर ठेवून हाताने सरळ केला, फोटो काढला, अर्ज भरला. तीन आठवड्यांनी मैल आले. फार नव्हते. पण त्या दिवशी मी तो आकडा चार वेळा उघडून पाहिला.

त्यानंतर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्या खोलीवर जायचो. ते बिनसाखरेचा चहा करायचे आणि शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की पैसा कुठेही मोडला तरी तेवढाच. मैलाची किंमत मात्र तो कुठे मोडतो त्यावर असते. आमच्या टोळीतल्या निम्म्या लोकांनी मैलांचे मिक्सर आणि बॅगा घेतल्या होत्या. काका म्हणायचे, मिक्सर घेतलास तर मैल मातीत. तिकिटाचं आजचं भाडं बघ. त्यातला कर आपल्याला तसाही भरावा लागतो, तो वजा कर. राहिलेल्याला मैलांनी भाग. जो आकडा येईल तो तुझ्या एका मैलाचा भाव. विमानं रिकामी जातात त्या दिवसांत तो भाव पडतो, तेव्हा गुमान पैसे देऊन जायचं. सगळं जग घरी निघतं आणि भाडी चढतात, तेव्हा मैल मोडायचे.

"पण त्याच दिवसांत मैलवाल्यांना खुर्च्या कमी सोडतात," ते म्हणाले. "म्हणून एक तर दहा-अकरा महिने आधी बघ, नाही तर अगदी शेवटच्या आठवड्यात. मधे बघशील तर डोळे दुखतील, दुसरं काही नाही."

मला हे लवकर समजलं, याचं कारण आमच्याकडचा वारंगुळा. आमच्या गावी, पासलीत, भाताची लावणी मजुरीने फारशी होत नाही. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. दिवसाला दिवस, त्याला वारंगुळा म्हणतात. आणि दिवस सगळे सारखे नसतात. तण काढायचा दिवस कुणीही देईल. पण चिखल तयार आहे, रोपं हातभर झालीत, पाणी खाचरात उभं आहे, त्या आठवड्यातला एक दिवस मिळणं म्हणजे नशीब. शहाणी माणसं आडदिवसांत जाऊन दुसऱ्यांचे बांध घालून देतात आणि तो दिवस नेमका लावणीत मागतात. माझी आक्का यात पटाईत होती.

मी काकांना हे सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, "मग मी तुला काय शिकवतोय? तुझ्या बहिणीकडं शिकवणी लाव."

पण त्याच वारंगुळ्याच्या सवयीने मी दोनदा तोंडघशी पडलो.

वारंगुळ्याचा दिवस घराचा असतो, माणसाचा नसतो. घरातलं कुणीही गेलं तरी दिवस भरतो. माझा चुलतभाऊ दुसऱ्या टोळीत फिटर आहे, तो माझ्याहून जास्त फिरायचा. आम्ही ठरवलं, एका घरातले आहोत, एकाच नंबरावर भरू. त्याने चार प्रवासांना माझा नंबर दिला. मैल जमा होईनात, म्हणून मी अर्ज करत राहिलो. चौथ्या अर्जानंतर माझं खातंच बंद झालं, चौकशीसाठी. मला आठवडाभर जेवण गेलं नाही. कंपनीला कळवतील, परमिट काढून घेतील, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं.

चुलतभाऊ फोनवर शांत होता. "आरं, चोरी कुठं केली? इमानात म्या बसलो व्हतो का न्हाई? बसलो. मंग दिस भरला. कुणाच्या नावावर, त्येंना काय करायचंय?"

त्यात चूक काय, हे मलाही नीट सांगता येत नव्हतं. काकांनी इंग्रजीत पत्र लिहून दिलं. काय लिहिलंत विचारलं तर म्हणाले, "लिहिलं, की यांच्या गावात असंच चालतं, आणि यापुढं तुमच्याकडं चालवणार नाहीत." दोन आठवड्यांनी खातं उघडलं. माझे मैल जागेवर होते. त्या पत्राची प्रत माझ्या पेटीत आहे. मला ती पुरती वाचता येत नाही, पण मी ती टाकणार नाही.

दुसरी चूक अशी, की वारंगुळ्याचा दिवस बुडत नाही. आमचे वडील गेले त्याच्या पुढच्या लावणीला ओढ्यापलीकडची काकी न बोलावता आमच्या बांधावर येऊन उभी राहिली. आक्काला म्हणाली, "तुज्या बापाचा एक दिस माज्याकडं हाय. माज्या थोरल्याच्या लग्नाच्या साली घ्येतलेला." त्या थोरल्याची पोरं तेव्हा शाळेत जात होती. दिवसभर वाकून काकी संध्याकाळी गेली. अशा ठिकाणी वाढल्यावर, मैल तीन वर्षांनी आपोआप पुसले जातात हे काकांनी सांगितलं तरी ते माझ्या आत शिरलं नाही. एका सकाळी खातं उघडलं तर निम्मे गेलेले. कुणाकडे जाब विचारायची सोय नव्हती. तारीख त्यांनी आधीच कळवली होती, इंग्रजीत.

ते मी वेळेत खर्च का केले नव्हते, हे सांगायला हवं. वडील गेले तेव्हा मी एका थंड देशात, टाकीच्या आत काम करत होतो. बातमी कळली, सुट्टी मिळाली, कागद झाले, पण वर्षअखेर होती, विमानं भरलेली. मी चौथ्या दिवशी पासलीत पोचलो. राख सावडून झाली होती. मला कुणी काही बोललं नाही. चहा दिला. तेव्हापासून घरचा फोन वाजला की माझा हात जड होतो. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि आक्का. ती माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परत आली. माझ्यासाठी आली असं लोक म्हणतात. ती म्हणते, भातासाठी. तिनेच मला वाढवलं.

तर मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की हे मैल त्या एका फोनसाठी. तो आला की कुणाच्या परवानगीची, कुणाच्या पैशाची वाट न बघता मी तासाभरात तिकीट काढेन. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. काकांना हे मी सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "त्याला भाव लावता येत नाही, म्हणून मी बोलत नाही. पण त्या दिवशी खुर्ची मिळेलच असं काही नाही, एवढं ध्यानात ठेव."

गेल्या वर्षी मे महिन्यात आक्काचा फोन आला. आमच्या घरी रेंज नाही, ती पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर जाते. एरवी दम लागलेला असला तरी ती आधी माझं जेवण विचारते. त्या दिवशी विचारलं नाही.

"औंदा लावणी झाली की खाचरं वाट्यानं द्यायची," ती म्हणाली. म्हणजे जमीन आमची, कसणार दुसरा, पीक अर्धं-अर्धं.

"का?"

"गुडगं. गेल्या साली उजवा बसला तवा बायांनीच माजी लावणी उरकली. त्येंचं दिस माज्याकडं ऱ्हायल्यात. ते फेडल्याबिगर म्या खाचराला दुसऱ्याचा हात लावू देनार न्हाई."

"किती दिवस?"

"अकरा."

"मग माणसं लाव की. मी पैसे पाठवतो."

"पैशानं दिस फिटत्यात व्हय? लई शाना झालास तिकडं जाऊन." मग म्हणाली, "तू ये."

"डिसेंबरात येतोच आहे. कंपनीचं तिकीट असतं."

"डिसेंबरात काय लावू, तुला?"

मी म्हणालो, जुलैत इथल्या शाळांना सुट्टी असते, सगळे घरी जातात, भाडी परवडत नाहीत.

"ते तुजं मैल हायती न्हवं?"

"ते ठेवलेत."

"कशापायी?"

टेकाडावर वारा होता, तो फोनमध्ये ऐकू येत होता.

"माज्यासाठी ठेवल्यास व्हय," आक्का म्हणाली. आवाज काही बदलला नाही. "म्या मेल्याव यिऊन काय करशील? सावडायला गाव हाय. चवथ्या दिशी यिऊन परत च्याच पिशील. लावायला मानूस न्हाई मला. जे माजं हाय ते आत्ता दे."

मग तिने माझं जेवण विचारलं आणि फोन ठेवला.

पुढचे काही दिवस माझं काम बिघडत राहिलं. दोन जोड परत काढावे लागले. खात्यात उरलेले मैल जुलैत जाऊन-येऊन एका खेपेपुरते होते, आणि सप्टेंबरअखेर तेही पुसले जाणार होते. म्हणजे तो फोन सप्टेंबरच्या आत आला तरच माझ्या साठवणीचा उपयोग. हे मी स्वतःशी इतक्या स्पष्ट शब्दांत म्हटलं तेव्हा मला माझीच शरम वाटली. तरीही मैल मोडायला हात धजेना. शून्य शिल्लक ठेवून झोपायची मला सवय नव्हती.

काका तोवर निवृत्त होऊन मिरजेला गेले होते. मी त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी भाडं बघायला लावलं. भाडं मार्चाच्या तिपटीच्या आसपास होतं. त्यांनी तोंडी भागाकार केला.

"यापेक्षा बरा भाव तुझ्या मैलाला जन्मात मिळायचा नाही," ते म्हणाले. "बहीण हुशार आहे."

"आणि मैल संपल्यावर तसा फोन आला तर?"

"तर मला फोन कर. माझे पडून आहेत. माझ्या खात्यातून तुझ्या नावाचं तिकीट काढता येतं."

मी म्हणालो, नाव जुळत नाही म्हणून तर माझं खातं बंद केलं होतं.

"ते भरताना. भरायचं ज्याचं त्याने. खर्च कुणावरही करता येतो. एवढी वर्षं शिकवलं तुला, आणि हेच राहिलं होय?"

या माणसाने मला आयुष्यात काय काय दिलं याची मी कधीतरी यादी करणार आहे. त्या दिवशी मी फक्त हो म्हणालो आणि सोळा दिवसांच्या सुट्टीचा अर्ज टाकला.

सुट्टी मंजूर झाली, खुर्ची काही दिसेना. अकरा महिने आधी बघण्याची वेळ केव्हाच गेली होती, आता शेवटच्या आठवड्याचा भरवसा. माझ्यासारख्या माणसाला हे फार कठीण गेलं. रोज पहाटे बसमध्ये बसण्याआधी आणि मधल्या सुट्टीत हातमोजे काढून मी तीच तारीख बघायचो. आक्काला सांगितलं होतं, येतो म्हणून. तिकीट नाही हे सांगितलं नव्हतं. निघायच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, एक खुर्ची उघडली. शेवटून दुसरी रांग, मधली. मी ती घेतली, पावतीचे तीन फोटो काढले, एक काकांना पाठवला. खात्यात उरले त्यात मिक्सरचं भांडंही आलं नसतं.

मुंबईहून बसने चेलाडी फाट्यावर उतरलो, तिथून वेल्ह्याला, आणि पुढे दुधाच्या टेम्पोतून पासली. आक्का ओट्यावर पाय लांब करून बसली होती. उठली नाही. म्हणाली, "बारीक झालास," आणि पेल्यातलं पाणी पुढे केलं. रात्री जेवताना तिने दिवस सांगितले, कुणाचा कितवा. पहिला ओढ्यापलीकडच्या काकीचा.

मी शेवटची लावणी केली त्याला वीस वर्षं झाली होती. चिखलात उभा राहिलो आणि पाठीने लगेच तक्रार केली. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याने चार-चार काड्या वेगळ्या करून अंगठ्याने रोवायच्या आणि मागे सरकायचं. बाया माझ्या दोन्ही बाजूंनी मागे सरकत गेल्या आणि मी एकटाच पुढे राहिलो.

"येल्डर हाय न्हवं? जोड की मंग," एकजण म्हणाली.

"आरं दादा, ती काडी हाय, सळई न्हाई. येवडी दाबू नगं."

"त्येला पान्याची चमक लागतीया. काळी काच आना त्येची."

आक्का बांधावर पोतं पांघरून बसली होती आणि रोपांच्या मुठी आमच्याकडे फेकत होती. ती माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही. दुपारी काकीने माझी ओळ पाहिली, तीन ठिकाणचं उपटलं, परत लावलं. मग कंबरेवर हात ठेवून तिने आक्काला विचारलं, "ह्यो अर्दाच दिस धरायचा का गं?"

"धर," आक्का म्हणाली. "पन पुढला पुरा घे."

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. अकरा दिवस भरले तेव्हा आक्काने सांगितलं, काकीचं अजून राहिलंय, उद्या परत जायचं. तोवर बोटांना सगळं आठवलं होतं. ज्याचं खाचर त्याच्या घरचं दुपारचं जेवण असतं, त्यामुळे पासलीतल्या सगळ्या घरांची कालवणं मी त्या दिवसांत चाखली. संध्याकाळी आक्का बारीक चौकशी करायची, कुणी काय वाढलं, तेल किती होतं. फोन खिशात प्लास्टिकच्या पिशवीत बंद असायचा, आणि चालू असता तरी रेंज नव्हती. ज्या माणसाचा फोन येईल म्हणून मी इतकी वर्षं धास्तावलो होतो, ते माणूस समोर बांधावर बसून माझ्या कामाला नावं ठेवत होतं.

तेराव्या दिवशी आमची दोन खाचरं आम्ही दोघांनी लावली. आता कुणाचे दिवस घ्यायचे नाहीत असं आक्काचं म्हणणं होतं. उन्हं वर आल्यावर ती माझ्या खांद्याला धरून चिखलात उतरली. तिने अर्धी ओळ लावली. ती ओळ आणि माझी ओळ शेजारी शेजारी होत्या, आणि मी त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. "बास," ती म्हणाली. मी तिला वर घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी काकी आली. पिशवीत तांदूळ होते, सुवासिक, मला तिकडे नेण्यासाठी. आक्काशी इकडचं तिकडचं बोलली आणि उठताना म्हणाली, "पैला दिस अर्दा धरला व्हता म्या. ऱ्हायलेल्या अर्द्यापायी मागनं त्येनं पुरा दिस दिला. म्हंजी त्येचाच अर्दा माज्याकडं ऱ्हायला."

"राहू दे काकी," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे कसा? घ्यायला ये."

कॅम्पात परत आल्यावर मी काकांना फोन केला. त्यांनी खात्यात किती उरलेत ते विचारलं, मी सांगितलं. मैलांच्या तिकिटावर नवे मैल मिळत नाहीत, याचीही त्यांनी आठवण करून दिली. मग मी काकीच्या अर्ध्या दिवसाचं सांगितलं. ते बराच वेळ हसत होते. "त्याला मुदत किती?" त्यांनी विचारलं.

खाचरं आक्काने वाट्याने दिली नाहीत. दोन माणसं विचारून गेली म्हणाली. मी कारण विचारलं तर म्हणते, माझा अर्धा दिवस गावात अडकलाय, तो वसूल झाल्याबिगर खाचरं मोकळी कशी होणार. गुडघ्याला ती वेल्ह्याहून आणलेलं तेल लावते. घरचा फोन वाजला की माझा हात अजून जड होतो. ते गेलेलं नाही आणि जाईल असं वाटत नाही. पण त्यानंतर कंपनीने मला तीन देशांत पाठवलं. तिन्ही बोर्डिंग पास माझ्याकडे सरळ ठेवलेले आहेत, आणि गावाहून परतलो त्याच ऑगस्टच्या पहिल्या दिवशी, अकरा महिने आधी, मी येत्या जुलैच्या खुर्च्या उघडून पाहिल्या. बऱ्याच रिकाम्या होत्या. मैल थोडे कमी पडतात. काकांचे अजून पडून आहेत का, विचारणार आहे.